रुमालाखालची दहा आकडी संख्या

पार्टी विचारत होती, "कितव्या वेताची हाय?"

गायीचे मालक म्हणाले, "हिच्या टॅगवरच्या नंबराला नऊने भाग जातो."

पार्टी माझ्याकडे बघायला लागली. पार्टी म्हणजे गिऱ्हाईक. हा गोरख, धारूरच्या घाटातला मेंढपाळ. सून बाळंत झालेली, घरी दुधाला गाय नाही म्हणून सिरसाळ्याच्या बाजारात आलेला. त्याने दात बघितले होते, कास बघितली होती, गायीला चार पावलं चालवून बघितलं होतं. आता वेत आणि भाव एवढंच राहिलं होतं.

"काका, वेत विचारलंय, कितव्यांदा व्यालीय ते," मी म्हणालो.

"दुसरं. पण नंबर बघा ना. बारा आकडी आहे. आकड्यांची बेरीज चौपन्न. म्हणजे नऊने जाणारच."

जनावराच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर सरकारी नंबर असतो. आम्ही त्याला टॅग म्हणतो. मी जनावरांचा दलाल आहे. आजवर हजारो टॅग बघितले. त्यातल्या एकाचीही बेरीज करावी असं मला वाटलं नव्हतं. असं आकड्यांकडे बघणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला होता. म्हणून मी मालकाकडे नीट बघितलं. अंगठा आणि पहिलं बोट ते सारखं एकमेकांवर घासत होते. हाताला काही लागलेलं नव्हतं. खडू सुटून वीस वर्षं झाली तरी हाताची सवय सुटली नव्हती.

पाठक गुरुजी. आमच्या शाळेत सातवीला गणित शिकवायचे.

त्यांनी मला ओळखलं नाही. मी ओळख दिली नाही. दलालाने पत्ते लगेच उघडे करायचे नसतात. शिवाय माझा त्या माणसावर राग होता आणि तो मी चाळीस वर्षं जपून ठेवला होता.

तो राग आधी सांगतो, मग सौदा.

माझे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. आम्ही पोरंही सोबत. पाच महिने साखर कारखान्यावर पाचटाच्या कोपीत राहायचं, उन्हाळ्यात परत यायचं. निम्मी शाळा बुडायची. गुरुजींना हे खटकायचं. त्या वर्षी आम्ही निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी फळ्यावर एक कोडं लिहिलं. शून्य ते नऊ हे दहा आकडे घ्या. प्रत्येक एकदाच वापरा. दहा आकडी संख्या अशी बनवा, की तिचे पहिले दोन आकडे घेतले तर दोनने भाग जावा, पहिले तीन घेतले तर तीनने, पहिले चार घेतले तर चारने. असं करत शेवटी पूर्ण संख्येला दहाने भाग जावा.

"जाणाऱ्यांनी हे सोबत न्या," गुरुजी म्हणाले. "परत आल्यावर जो उत्तर देईल, त्याला मी अंबाजोगाईला वसतिगृहात ठेवतो. फी माझी."

वसतिगृहात राहणाऱ्या पोराला ऊसतोडीला जावं लागत नाही. मला एवढं एकच कळलं.

मी पाटी घेऊन गेलो. आईबाप उसाच्या फडात असताना मी धाकट्या बहिणीला सांभाळायचो, बैलांना उसाच्या शेंड्यांचं वाढं टाकायचो आणि पाटीवर भागाकार करायचो. पहिला महिना नुसता अंदाजात गेला. नंतर डोकं चालायला लागलं. संक्रांतीच्या पुढेमागे उत्तर सापडलं. तपासून बघितलं. परत तपासलं. बहिणीला उचलून कोपीभोवती फिरलो. तिला वाटलं आपण गावाकडे निघालो.

निघताना पाटी गाडीच्या चाकाखाली गेली. मी रडलो नाही. संख्या माझ्या हातात होती. माझा बाप सीझनच्या आधी बैल घ्यायचा, सीझन संपला की विकायचा. त्याने मला बाजारातली बोटांची भाषा शिकवली होती. मी संख्या बोटांवर पाठ केली आणि गाडीत बसून गावापर्यंत स्वतःचीच बोटं दाबत आलो.

शाळेत गेल्या गेल्या हात वर केला. गुरुजींनी फळ्याकडे बोट दाखवलं. मी लिहिलं. त्यांनी एकदा बघितलं, म्हणाले, "चूक. बस खाली." डस्टर फिरवलं. वर्ग हसला.

दुसऱ्या दिवशी दिलीपने उत्तर दिलं. हा सरपंचाचा पुतण्या. त्याचं बरोबर निघालं. जूनमध्ये तो अंबाजोगाईला गेला. मी पुढच्या सीझनला गेलो तो परत शाळेत आलो नाही.

बाकी सगळं मी मिळवलं. बापाच्या बैलांपासून सुरुवात केली, आज माझे दोन टेम्पो आहेत. डोकं लवकर तापतं, पण माझ्या शब्दावर माणसं जनावर सोडून जातात. तरी अंबाजोगाईला माल घेऊन गेलो की मी टेम्पो त्या वसतिगृहाच्या रस्त्याने घ्यायला लावतो. समोर चहाची टपरी आहे. गॅलरीत दोरीवर पोरांचे शर्ट वाळत असतात. खिडकीत पुस्तकं उभी करून ठेवलेली असतात. मी चहा घेतो. ड्रायव्हर विचारतो, "बप्पा, हितं कोण हाय आपलं?"

मी म्हणतो, "कोणी न्हाई. चल."

तर तो माणूस आता माझ्यासमोर गायीचं दावं धरून उभा होता.

"कावून विकताय गाय?" मी विचारलं.

"मुलगा पुण्याला घेऊन चाललाय. तिथं तिसऱ्या मजल्यावर गाय कुठं ठेवू? चांगल्या घरी जावी एवढंच."

"बरं. हात द्या."

आमच्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. बाजारात भोवती शंभर कान असतात. हातावर रुमाल टाकायचा आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, पूर्ण पंजा म्हणजे पाच. सहा सांगायला पंजा दाबून सोडायचा, मग एक बोट. नऊ म्हणजे पंजा आणि मग चार बोटं. आता पोरं मोबाईलवर व्हिडिओ टाकतात आणि खाली भाव लिहितात. रुमाल वापरणारे आम्ही पाचसहा जण उरलोय. मला रुमाल आवडतो. भाव सांगताना माणसाचा हात काय म्हणतो ते व्हिडिओत दिसत नाही.

गुरुजींना मी एका मिनिटात पद्धत समजावली. त्यांना मजा वाटली. "म्हणजे एकेक आकडा ओळीने?"

"ओळीने."

"सांगा मग, काय भाव येईल?"

मी भाव सांगायला हात धरला होता, खरंच. त्यांचा हात हलका होता. बोटांची पेरं तेवढी राठ. आणि माझ्या हाताने भाव सांगितला नाही. मी तीन बोटं दाबली. मग आठ. मग एक.

गुरुजी माझ्याकडे बघायला लागले.

सहा. पाच. चार.

गोरख शेजारी उभा राहून माझं मनगट मोजत होता. जुन्या गिऱ्हाइकांना ही सवय असते. रुमालाच्या आत दिसत नाही, पण मनगट किती वेळा हललं ते दिसतं. तो म्हणाला, "आरं, किती लांबड लावलीय बे? गाय इकायलाय का कारखाना?"

सात. दोन. नऊ. मी थांबलो.

गुरुजींनी हात सोडला नाही. रुमालाखाली त्यांची बोटं उघडीच होती. वाट बघत होती.

"आणि?" ते म्हणाले.

"आणि काय? झालं."

"एक राहिला."

"काय राहिला? तीन, आठ, एक, सहा, पाच, चार, सात, दोन, नऊ. चाळीस वर्षं पाठ हाय माझं. हेच फळ्यावर लिव्हलं तर तुमी डस्टर फिरवलं!" माझा आवाज चढला. शेजारच्या बैलानेसुद्धा मान वळवली. "चूक म्हणलात. काय चुकलं ते सांगा आज. न्हाईतर मी गायीला हात लावीत न्हाई."

गुरुजी शांत होते. "नऊ आकडे आहेत. मी दहा सांगितले होते. शून्य कुठंय?"

"शून्य काय सांगायचं असतंय का?"

"का नाही?"

"शून्याला खूणच न्हाई," मी म्हणालो. "चार बोटं दाबली म्हंजी चार. चारशे का चाळीस हजार, ते जनावर बघून कळतं. शून्य समजून घ्यायचं अस..."

मी रुमाल ओढून गळ्यात टाकला.

पाटी फुटली नसती तर दहा आकडे फळ्यावर आले असते. पण मी संख्या बोटांत भरून आणली होती, आणि बोटांत शून्य येत नाही. माझ्या बापाच्या बाजारात ते कधी आलंच नव्हतं. नंतरही मी ती संख्या कागदावर लिहिली नाही. रागाने लिहिली नाही. राग आला की बोटं दाबत बसायचो, नऊ आकडे.

गुरुजींनी हातातलं दावं माझ्याकडे दिलं आणि पाण्याच्या हौदाच्या कट्ट्यावर बसले. "कुठं काढलंस हे?"

"फडावर."

"कसं? तोंडाने सांग. पहिल्यापासून."

मी गायीचं दावं धरून उभ्याउभ्या सांगितलं. वाचणाऱ्यालाही सांगतो, अवघड नाही. पूर्ण संख्या दहाने जायची म्हणजे शेवटी शून्य. पाचवी जागा पाचने जायची, आणि शून्य संपलं, म्हणजे तिथे पाच. दुसरी, चौथी, सहावी, आठवी या जागा समच हव्यात, म्हणजे उरलेल्या जागांवर विषम. चौथ्या आणि आठव्या जागेच्या आधी विषम आकडा येतो, म्हणून तिथे दोन किंवा सहाच बसतो. दुसऱ्या आणि सहाव्या जागेला चार आणि आठ उरले. मग तीनची आणि आठची कसोटी लावली की फक्त दहा संख्या शिल्लक राहतात. त्या दहांना साताची कसोटी. सात हा खडूस आकडा, त्याला सोपी युक्ती नाही, सरळ भागाकार करावा लागतो. नऊ संख्या तिथे पडतात. एकच उरते. ३८१६५४७२९०.

"तीनशे एक्क्याऐंशी कोटी, पासष्ट लाख, सत्तेचाळीस हजार, दोनशे नव्वद," गुरुजी सावकाश म्हणाले. "दहा आकडे एकेकदा घेऊन बत्तीस लाखांच्या वर संख्या होतात. त्यात अशी एवढी एकच. मला ती मिळाली तेव्हा मी बायकोला उठून सांगितलं होतं. ती म्हणाली, बरं, आता हिचं करायचं काय?"

"मी बहिणीला सांगितलं होतं. ती दोन वर्षांची होती."

ते हसले. मीही हसलो, आणि त्याचा मला राग आला.

मागून गोरखचा आवाज आला. "कोटी? आवं, काय कोटी म्हणलं त्ये?"

"तुझं न्हाई रे," मी ओरडलो. "थांब जरा."

"मनगट तेरा येळा हललं, मी मोजलंय. आन् आता तोंडानं कोटी. मला काय येडा समजलात का? मेंढरं चारतो म्हणून?"

"गोरख, दोन मिनिटं."

मी गुरुजींकडे वळलो. "सर, मी कोण ते आठवतंय का?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. चष्मा काढून पुसला, परत बघितलं. "नाही. आठवतंय म्हटलं तर तुला बरं वाटेल. पण नाही आठवत. डस्टर फिरवलेलंही आठवत नाही."

"दिलीप आठवतो?"

"तो आठवतो. त्याला मी पोचवायला गेलो होतो."

"त्यानं माझे नऊ आकडे फळ्यावर बघितलेते. दुसऱ्या दिवशी शून्य लावून आला."

"असेल. त्याला कसं काढलंस ते मी विचारलं नाही." गुरुजी परत बोटं घासायला लागले. "तुलाही विचारलं नाही. नऊ आकडे दिसले, पोरगं अंदाजाने काहीतरी लिहून आलंय असं वाटलं असणार. सात वर्ग होते, दोन मास्तर. पण हे कारण झालं. एक शब्द विचारायचा होता, तेवढा वेळ होता."

मी दलाल आहे. समोरचा एक पाऊल मागे सरला की कुठे दाबायचं ते मला कळतं.

"मग बरोबर म्हणा."

"नऊपर्यंत बरोबर आहे. दहावा लिहिला नाहीस."

"सर, शून्याची जागा तर पहिल्या फटक्यात ठरती. खरं काम नवाचं हाय."

"खरं आहे. तरी लिहिलं नव्हतंस."

"बरं, दहापैकी दहा नका देऊ. साडेनऊ द्या."

"गणितात भाव होत नाही."

"सगळ्यात होतो. नऊवर फायनल करा."

गुरुजींनी उठून माझ्या गळ्यातला रुमाल ओढला, माझ्या हातावर टाकला आणि खालून हात घातला. पंजा दाबून सोडला. मग चार बोटं दाबली, चांगली घट्ट.

"नऊ," मी म्हणालो. "शून्य समजून घेऊ का?"

"नको. लिहून घे." त्यांनी खिशातून पेन काढलं. बाजाराच्या पावतीच्या पाठीवर मला पूर्ण संख्या लिहायला लावली आणि शून्य काढून होईपर्यंत माझ्या हाताकडे बघत राहिले. खाली त्यांनी बरोबरची खूण केली, तारीख टाकली, सही केली. तारीख आजची टाकली. त्या वर्षीची टाका, असं मी म्हणालो नाही, पण वाटलं.

मग मी ते विचारलं जे विचारायला नको होतं.

"तेव्हा विचारलं असतंत, आन् मी सांगितलं असतं, तर मला अंबाजोगाईला ठेवलं असतं?"

"ठेवलं असतं," ते लगेच म्हणाले. "पत्र्याची ट्रंकही आणून ठेवली होती. उन्हाळ्यात दुकानात महाग होतात म्हणून आधीच."

इतकी वर्षं मी धरून चाललो होतो, की गुरुजी लबाड होते, सरपंचाच्या घरचं पोरगं त्यांना पाठवायचंच होतं, आपलं काही होणारच नव्हतं. त्या विचारात एक आराम असतो. ट्रंकेमुळे तो गेला. ती जागा खरंच रिकामी होती आणि मी तिच्यापासून एका शून्याइतका लांब होतो. दोरीवरच्या शर्टांत माझा एक शर्ट असायची खरोखर सोय होती. मी गायीच्या मानेवर हात ठेवून उभा राहिलो. गुरुजींनी विचारलं, "सातचा भागाकार पाटीवर केलास? दहाही संख्यांचा?"

"दहाही."

"मोठे आकडे होते."

"येळ लई होता सर."

मान वर केली तेव्हा गोरख नव्हता. मी अख्खा बाजार पालथा घातला. तो पलीकडच्या रांगेत एका पोराच्या मोबाईलवर गाय बघून सौदा करून मोकळा झाला होता. मला बघून म्हणाला, "तुमचं कोटीतलं गणित आमाला झेपायचं न्हाई, बप्पा. ह्यानं सरळ सांगितलं."

मी शिव्या दिल्या. कोणाला दिल्या ते मलाही नक्की सांगता येणार नाही.

त्या दिवशी गाय विकली गेली नाही. दुसरी पार्टी आणतो, पुढच्या बाजारी या, असं मी गुरुजींना म्हणालो. माझ्या टेम्पोतून त्यांना आणि गायीला घरी सोडलं. उतरताना त्यांनी माझं नाव विचारलं. मी पूर्ण सांगितलं, बापाचं घालून. त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं, पाठ करतात तसं.

पुढच्या बाजारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या बाजारीही नाहीत. मी एक चांगलं घर बघून ठेवलं होतं, त्या माणसाला घेऊन त्यांच्या गावी गेलो. दाराला कुलूप होतं. मुलगा ठरल्यापेक्षा आधीच येऊन घेऊन गेला म्हणाले. गाय शेजाऱ्याच्या गोठ्यात होती, दूध देत होती, बरी होती. शेजारी विकायला तयार नव्हता. नंबर हवाय का, असं त्याने मला विचारलं. मी टॅगचा समजलो. तो गुरुजींच्या मोबाईलचा म्हणत होता. घेतला. अजून लावलेला नाही. लावून काय म्हणायचं ते ठरत नाही.

ती पावती मी जपली आहे. बायकोने विचारलं, कशाची पावती? म्हटलं, न झालेल्या सौद्याची.

धंद्यात मी यातून एक गोष्ट शिकलो. समोरच्याचा आकडा कमी आला, की सौदा तोडून टाकण्याआधी मी आता विचारतो, अजून काही राहिलं का सांगायचं? बहुतेक वेळा काही राहिलेलं नसतं. सौदे त्याने वाढले नाहीत. प्रत्येक गिऱ्हाइकामागे दोन मिनिटं जास्त जातात, एवढंच.